कर्णा रस्त्याकडे वळला

गिरणगावात भोंगा म्हटलं की तो गिरणीचाच. पहाटे वाजायचा आणि माणसं उठायची. त्यामुळे आमच्या लाउडस्पीकरला तिकडे कुणी भोंगा म्हणत नसे. त्याला कर्णा म्हणत आणि मला आंतू कर्णेवाला. खरं नाव आंतोन. राहायला भायखळ्याला, चर्चमागच्या गल्लीत. वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, तेव्हा आवाजाचा धंदा आमच्या घरात आधीपासूनच होता. मी फक्त तो फुंकायचा सोडून विजेवर नेला.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर आधी मनात आलं, लिहायचं काय? साऱ्या जन्मात मी एकही भाषण केलं नाही. दुसऱ्यांची भाषणं मोठी केली. पण लाउडस्पीकरचा धंदा आता कुणाला ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगतो. तेव्हाचा सेट म्हणजे एक ॲम्प्लिफायर. आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तापायला वेळ लागायचा आणि ते तापेपर्यंत पुढारी माइकवर टिचक्या मारत राहायचे. एक तबकडी फिरवायचं यंत्र, एक माइक, आणि पत्र्याचे दोन-चार कर्णे. कर्णे बांबूला किंवा चाळीच्या गॅलरीच्या कठड्याला काथ्यानं बांधायचे. सगळ्यात मोठी अडचण शिट्टीची. कर्ण्याचं तोंड माइककडे असलं आणि आवाज वाढवला, की कर्ण्यातला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि सगळं मिळून किंचाळायला लागतं. म्हणून माझा एक हात कायम बटणावर. कोण किती जोरात बोलणार, कोण मधेच ओरडणार, हे चेहऱ्यावरून ओळखायचं. त्या कामात मी हुशार होतो, एवढं म्हणायला आता या वयात लाज नाही.

गिऱ्हाइकंही एकेक. करी रोडच्या एका मुकादमानं पोराच्या बारशाला सेट घेतला आणि एकच अट घातली. चारही कर्णे समोरच्या चाळीतल्या साडूच्या खिडकीकडे पाहिजेत. मी म्हटलं, "पाहुणे इकडे बसणार, त्यांना काय ऐकू येणार?" तो म्हणाला, "पाहुण्यांना जेवायला बोलावलंय. ऐकायला त्याला ठेवलाय." गिरगावातल्या एका आजोबांनी स्वतःच्या तेराव्याला लावायच्या रेकॉर्डी आधीच माझ्याकडून वाजवून घेतल्या होत्या. त्यातल्या दोन नापसंत केल्या. पुढे दहा वर्षं जगले.

पण ज्या गाण्याबद्दल लिहायचं मनात आहे, ते लढाईच्या काळातलं. दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा त्याची रेकॉर्ड निघाली. पलटणीत गेलेला शिपाई दूरदेशीहून घरची खुशाली विचारतो आणि बायको घरून जबाब देते, असं ते सवाल-जवाबाचं गाणं.

घराचं कौल कसं? — पावसात टिकलं हो
शेताचं बीज कसं? — मातीत रुजलं हो
इकडं समदं बरं, धनी, जिवाला जपा हो

असं कडव्यामागून कडवं. गाईचं विचारतो, आईच्या खोकल्याचं विचारतो, आणि ती दर वेळी सांगते, समदं बरं. ऐकणाऱ्याला कळतं की कौलं उडालीत, बी पोटाला गेलंय, म्हातारीचं काही खरं नाही. गाणारी बाई 'बरं' म्हणायच्या आधी किंचित थांबायची. तेवढ्या थांबण्यात सगळं घर दिसायचं. इराण्याच्या हॉटेलात ही तबकडी लागली की भाजीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया दाराशी उभ्या राहायच्या. भरतीवाले हीच रेकॉर्ड गावोगाव वाजवायचे आणि घरी रडणाऱ्या आयाही हीच वाजवायच्या. माझा थोरला भाऊ तेव्हा ब्रह्मदेशात पलटणीच्या मुदपाकखान्यात होता. आमची आई शेजाऱ्यांच्या फोनोवर हे गाणं ऐकायची आणि मग त्याला पत्र लिहवून घ्यायची, घरी सगळं बरं आहे. त्या पावसाळ्यात आमच्याकडे दोन वेळा चूल पेटत नव्हती. भाऊ सुखरूप परत आला. सगळ्यांचे आले नाहीत.

गाणारी बाई लालबागलाच राहते, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. गणपतीत एका चाळीत सेट लावला होता. लोकांनी फर्माईश केली म्हणून मी ती तबकडी ठेवली. गाणं संपलं तशी एक उंच, सावळी बाई माझ्या टेबलाशी आली.

"आंतू ना रे तू?" तिनं विचारलं. बोली मालवणी. "गाणा वाजव. लोकांका आवडता, वाजवक व्हया. पण माझी खोली दुसऱ्या माळ्यार, कोपऱ्यात. तेवढो एक कर्णो फिरव."

मी ओळखलं नाही. शेजारच्या माणसानं कानात सांगितलं, "अरे, ही अनसूयाबाई. गाणं हिचंच."

गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती ती. मेळ्यात गायची, तिथून रेकॉर्डवाल्यांनी नेली. ते गाणं गायली तेव्हा तिचा नवरा खरोखरच पलटणीत होता. रेकॉर्ड गल्लोगल्ली वाजत असतानाच तो गेल्याची तार आली. त्यानंतर ती कधी गायली नाही, मेळ्यात नाही, डोहाळजेवणात नाही, घरातसुद्धा नाही. पदरी एक मुलगा, दत्ताराम. त्याला एकटीनं वाढवला. मी तिला मावशी म्हणू लागलो. त्या चाळीत सेट लावला की कोपऱ्यातल्या खोलीकडचा कर्णा मी न सांगता दुसरीकडे वळवत असे.

दत्ताराम मोठा झाला आणि पोलिसात लागला. हत्यारी पोलीस. नायगावच्या बरॅकीत राहायचा, सुट्टीला घरी यायचा. चाळीला त्याचं केवढं कौतुक! शेजारच्या खोलीत भागीरथीबाई राहायच्या, साताऱ्याकडच्या. त्यांचा परशुराम आणि दत्ताराम एका ताटात जेवून मोठे झालेले. दत्ताराम पहिल्यांदा वर्दी घालून आला, तेव्हा परशानं त्याची टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून सगळ्या गॅलरीभर सलाम ठोकत फेरी मारली होती.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत, असं ऐकलं आणि लालबाग-परळ पेटलं. माझ्या धंद्याला उसंत राहिली नाही. आज इथे सभा, उद्या तिथे. पैसे कुणी विचारत नव्हतं, मीही मागत नव्हतो. माझी मातृभाषाही मराठीच की! मग एक दिवस नाक्यावर गोळीबार झाला. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर काचा आणि चपला. भायखळ्याहून लालबागला जायला मला गल्लीबोळातून वळसे घ्यावे लागले.

त्या गोळीबारात परशा गेला. मोर्च्यात पुढे नव्हता. कोपऱ्यावर उभा राहून बघत होता म्हणतात. पण तिथेच त्याला गोळी लागली.

आणि दुसऱ्या दिवशी चाळीत कुणीतरी सांगितलं, "त्या नाक्यावर दत्ताराम होता. मी डोळ्यानं बघितला. हातात बंदूक."

पुढे काय झालं ते मी तुटक तुटक पाहिलं, कारण माझ्या तारा त्या गॅलरीत कायमच्या बांधलेल्या असायच्या आणि काही ना काही दुरुस्तीला जावं लागे. अनसूयामावशी नळावर आली की बाकीच्या बायका आपापले हंडे उचलून मागे सरायच्या. भांडण नाही, शिवी नाही. फक्त ती येईल तिथली जागा रिकामी. तिच्या दारावर कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'गोळीवाली'. मावशीनं ते पुसलं नाही. भागीरथीबाईंचं दार बंद. त्या दोन खोल्यांमध्ये एक लाकडी फळ्यांची भिंत. मावशी मला म्हणाली होती, "आंतू, रात्रभर तिचा रडणा आयकतंय. जावक व्हया, पण कुठल्या तोंडान जाव?"

दत्ताराम आलाच नाही. बरॅकीतून बाहेर सोडत नाहीत, म्हणत.

परशाची शोकसभा ठरली. दोन चाळींमधल्या पटांगणात, अंधार पडायच्या आत संपवायची, या अटीवर परवानगी मिळाली. सभेची सूत्रं तुकाराम शिंद्यांकडे. गिरणीतलेच, चळवळीच्या कमिटीचे, आवाज दांडगा, पण डोकं थंड. दुपारी मी कर्णे बांधत असताना एक पोलीस अधिकारी आला. त्यानं प्रत्येक कर्ण्याकडे बोट करून सांगितलं, "सगळी तोंडं आत. रस्त्याकडे एक शब्द गेला तर सेट जप्त आणि लायसन रद्द. रस्त्यावर माझी माणसं उभी असणार. त्यांना भाषणं ऐकवायची नाहीत. समजलं?"

"समजलं, साहेब."

तो गेला आणि मावशी जिन्यातून खाली आली. मी कोपऱ्यातला कर्णा आत वळवून बांधून नुकताच उतरलो होतो. तो बरोबर तिच्या आणि भागीरथीबाईंच्या खोल्यांसमोरच्या कठड्याला होता.

"आंतू, तुझो कर्णो गल्लीच्या तोंडापर्यंत आयकाक येतलो?"

"वळवला तर नाक्यापर्यंत येईल, मावशी. का?"

"माझो झील दत्ताराम थंय उभो रवतलो आज, बरॅकीतसून निरोप इलो. माका तेका कायतरी सांगूचा आसा. तेवढो एक फिरव."

"मावशी, साहेब आत्ताच सांगून गेला. माझं लायसन जाईल. आणि ही माणसं तुला स्टेजवर तरी चढू देतील का? परशाच्या सभेत? दंगा होईल. रस्त्यावर बंदुका आहेत."

ती म्हणाली, "बरा. तुझ्या पोटार पाय नको," आणि वर निघून गेली. मला वाटलं, विषय संपला.

सभेला माणूस मावत नव्हता. जिने, गॅलऱ्या, पाण्याच्या टाकीची भिंत, सगळीकडे डोकी. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची रांग, माझ्या टेबलापासून सरळ दिसणारी. बंदुका खांद्याला, चेहरे टोप्यांखाली. त्यात दत्ताराम कोणता, मला ओळखू येईना. पटांगणात हातात दगड घेतलेली पोरंही मला दिसत होती. कुणी लपवतसुद्धा नव्हतं. भागीरथीबाई खाली आल्या नव्हत्या. शिंद्यांनी दोनदा माणूस पाठवला, पण त्यांनी दार उघडलं नाही.

दोन भाषणं झाली. शिंदे स्वतः बोलले, मोजकं. ते माइकवरून बाजूला झाले आणि पुढच्याचं नाव घेणार, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून अनसूयामावशी उठली आणि सरळ स्टेजवर आली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून आवाज आला, "ए, पोलिसाची आई! खाली उतर!"

"हाकला तिला!"

"माती झाली परशाची आणि ही भाषण करणार?"

एक चप्पल येऊन माझ्या टेबलावर आपटली. पुढची माणसं उठून उभी राहायला लागली. शिंदे मावशीचा दंड धरून हळू पण कडक आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या पाया पडतो, आत्ता नको. इथे रक्त सांडेल." मावशी हलली नाही. शिंद्यांनी माझ्याकडे बघून हातानं खूण केली, बंद कर.

माझा हात बटणावरच होता. एवढंसं फिरवायचं. ते फिरवलं असतं तर कुणी मला नाव ठेवलं नसतं. कमिटीनं नाही, पोलिसांनी नाही. पण दहा-बारा वर्षं न गायलेली बाई माइकसमोर उभी होती आणि तिनं श्वास घेतलेला मला कर्ण्यातून ऐकू आला. गाणाऱ्याचा श्वास वेगळा असतो, वडिलांमुळे मला तो लहानपणापासून माहीत. मी हात काढून घेतला.

तिनं पहिली ओळ घेतली. घराचं कौल कसं.

आवाज जाड झाला होता, थोडा फाटला होता. पण तोच होता. ते पटांगण त्या आवाजावर वाढलेलं. पुढे सरसावलेली माणसं होती तिथे थांबली. कुणाचा बाप त्या लढाईत होता, कुणाचा चुलता. 'हो' वर गाणं टेकलं तोवर पटांगण गप्प झालं होतं. कुणीतरी लहान मूल रडत होतं, तेवढंच.

दुसरं कडवं सगळ्यांना पाठ. ओठ हलायला लागले होते. पण तिनं दुसरंच काही म्हटलं.

शेजारचं दार कसं? — मिटून गेलं रे
काकीचं लेकरू कसं? — मातीत निजलं रे

आणि मग ती थांबली. रेकॉर्डवर थांबायची तशीच, पण फार वेळ. पुढे 'समदं बरं' येणार, हे प्रत्येकाच्या अंगात भिनलेलं. ते आलं नाही.

इकडं बरं न्हाई, बाळा, काय बरं न्हाई रे

ती पटांगणाकडे बघतच नव्हती. गल्लीच्या तोंडाकडे बघून गात होती, आणि मला माहीत होतं की तिथपर्यंत काही पोचत नाहीये. कर्णे आत वळलेले. आवाज वाढवावा तर शिट्टी होणार. मावशी ताण देऊन गात होती, गळ्याच्या शिरा उठल्या होत्या, आणि रस्त्यावरची रांग होती तशी उभी होती.

तेवढ्यात शेजारचा माणूस म्हणाला, "वर बघ."

दुसऱ्या माळ्यावर भागीरथीबाईंचं दार उघडलं होतं. त्या कठड्याशी वाकून माझ्या कर्ण्याची दोरी सोडत होत्या. मी मारलेली गाठ, सहज सुटणारी नव्हे. त्यांनी ती दातानं सोडवली. मग दोन्ही हातांनी त्या पत्र्याच्या तोंडाला धरलं आणि कर्णा हळूहळू रस्त्याकडे वळवला. वळवून तसाच धरून उभ्या राहिल्या, कारण दोरी सुटल्यावर तो पडला असता.

खालून कुणीतरी ओरडलं, "काकू, काय करता?"

वरून उत्तर आलं, "ऐकायचं त्यांनी हाय. आमाला काय ऐकवती ती? आमाला ठावं न्हाई व्हय?"

आता तो कर्णा माइककडे बघत नव्हता. शिट्टीची भीती गेली. बाकीच्या कर्ण्यांच्या तारा मी उपटल्या आणि बटण जाईल तेवढं पुढे नेलं.

मावशीनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. या वेळी आवाज गल्लीत शिरला, समोरच्या भिंतीवर आपटला आणि नाक्याकडे गेला. रांगेतल्या टोप्या हलल्या. एकानं मान खाली घातली, दुसऱ्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी तरातरा पुढे आला, हात वर करून काहीतरी ओरडत होता, पण त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता, कारण सगळा आवाज माझ्याकडे होता. त्याच्यामागे चार शिपाई लाठ्या घेऊन निघाले. पटांगणातली दगडवाली पोरं गल्लीच्या तोंडाशी सरकली. दोन्हीकडच्यांमध्ये पंधरा-वीस पावलं उरली असतील. आता फुटणार, एवढंच मनात.

मावशीनं शेवटची ओळ पूर्ण केली. घाई केली नाही. ती माइकपासून मागे सरली, त्याच क्षणी शिंद्यांनी माइकवर झडप घातली. "सभा संपली! ज्याच्या हातात दगड आहे त्यानं तो परशाच्या आईच्या डोळ्यांदेखत खाली ठेवावा! ती वरून बघते आहे! सगळ्यांनी घरी जा!"

सगळ्यांनी वर बघितलं. भागीरथीबाई कर्णा धरून तशाच उभ्या होत्या. एक दगड खाली पडल्याचा आवाज झाला, मग दुसरा. अधिकाऱ्यानं हात आडवा केला, लाठ्या थांबल्या. लोक जिन्यांनी वर चढायला लागले.

मला आणि माझ्या सेटला मात्र चौकीवर नेलं. अधिकारी खुर्चीत बसला आणि म्हणाला, "कर्णा कुणी फिरवला?"

"वाऱ्यानं, साहेब."

"वाऱ्यानं गाठ सोडली?"

"समुद्रावरचा वारा होता."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. मग सेट जप्त केल्याचं हवालदाराला सांगून तो उठला. दाराशी थांबून त्यानं विचारलं, "तिचा मुलगा माझ्या रांगेत आहे, हे तुला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. "मला नव्हतं," एवढंच बोलून तो गेला. पुढे बऱ्याच दिवसांनी सेट परत मिळाला. दोन व्हॉल्व्ह फुटलेले आणि लायसन तेवढा काळ बंद. त्या दिवसांत मी बँडमध्ये झांजा वाजवून घर चालवलं.

सेट परत आल्यावर मी एका दुपारी चाळीत तारा तपासायला गेलो. गॅलरीत स्टुलावर चढलो होतो, तेव्हा जिन्यातून दत्ताराम वर आला. साधा लेंगा-सदरा. गालफडं बसलेली. आईच्या दाराशी थांबला नाही, भागीरथीबाईंच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि कडी वाजवली. मी स्टुलावरून उतरावं की नको, या विचारात तिथेच राहिलो.

भागीरथीबाईंनी दार उघडलं. त्याला बघून आत ये म्हणाल्या नाहीत आणि दारही लावलं नाही.

"काकी, मी त्या दिवशी ऐकलं. आई काय गायली ते."

"ऐकू जावं म्हनूनच धरला व्हता त्यो कर्णा. हात आखडलं माजं." मग त्यांनी सरळ विचारलं, "परशा पडला तवा तितं व्हतास का?"

"होतो."

"गोळी झाडलीस?"

दत्तारामनं भिंतीला हात लावला. "झाडली. हुकूम झाला. वर झाडली, काकी, आकाशात. रांगेतला प्रत्येक जण हेच सांगतो, वर झाडली. मग त्याला लागली कुणाची, मला ठाऊक नाही. शपथेवर सांगता येत नाही की माझी नव्हती."

शेजारच्या दारात अनसूयामावशी येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडावर दाबून धरला होता. भागीरथीबाईंनी दाराची कडी हातात धरली. खालच्या नळाचा आवाज येत होता.

"खोटं बोलला न्हाईस, तेवढं बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पर तुज्याशी मला बोलवत न्हाई, दत्तू. तुजं त्वांड बघितलं की मला त्येचं दिसतं. तुज्या आईवर माजा राग न्हाई. तिला सांग, उद्यापास्नं नळावर माज्या म्होरं उबी ऱ्हा. कोन हंडा उचलून जातंय ते बघते मी."

आई तीन हातांवर उभी होती, तरी त्या त्यालाच सांगत होत्या, तिला सांग म्हणून. आणि दार लावलं.

दत्ताराम त्या दिवशी आईकडे पाणी पिऊन गेला. नोकरी सोडतो म्हणाला होता. मावशीनं सोडू दिली नाही. "तू सोडलंस तर तुझ्या जाग्यार दुसरो उभो रवतलो, आणि तो वर झाडतलो काय, कोणाक ठावक?" असं ती म्हणाल्याचं तिनंच मला सांगितलं. तो चाळीत पुन्हा राहायला आला नाही. मावशीच रविवारी डबा घेऊन नायगावला जायची. नळावर मात्र दुसऱ्या दिवसापासून दोघी बरोबर दिसू लागल्या, पुढे भागीरथीबाई, मागे मावशी. किंवा उलट. फार बोलत नसत. दारावरचं कोळशाचं अक्षर कुणी पुसलं कळलं नाही, पण गेलं.

गाणं ती त्यानंतरही गायली नाही. अनेकांनी विनवलं. मुंबईभरच्या सभांना ते नवं कडवं पाहिजे होतं. शिंदे स्वतः आले. ती म्हणाली, "ता सभेचा नाय. ता एकट्या झिलाक सांगितलेला." शिंद्यांनी पुन्हा विषय काढला नाही. ते कडवं कुठे छापलं गेलं नाही. इथे लिहिलं ते माझ्या आठवणीतलं. एखादा शब्द इकडचा तिकडे असेल.

काही वर्षं गेली आणि राज्य झालं, मुंबईसकट. त्या दिवशी सकाळी लालबागला इतके कर्णे हवे होते की मी परळच्या आणि शीवच्या धंदेवाल्यांकडून उसने आणले. गल्लीत पताका, गुलाल, सनई. गल्लीच्या तोंडाशी बंदोबस्त होताच, पण बंदुका नव्हत्या, नुसत्या लाठ्या. पोलिसही हसत होते. मी खांबावर चढून कर्णा बांधत होतो, त्यामुळे मला वरून सगळं दिसत होतं.

चाळीतल्या बायकांनी पेढ्यांची ताटं काढली. एक ताट भागीरथीबाईंच्या हातात दिलं. परशाची आई म्हणून मान त्यांचा. त्या आधी पटांगणात वाटत फिरल्या आणि मग कुणाला न सांगता सरळ पोलिसांच्या रांगेकडे चालायला लागल्या. अनसूयामावशी मागोमाग. हळूहळू गल्लीतला गलका कमी झाला. जुन्या माणसांना कळलं होतं, कारण रांगेत चौथा-पाचवा दत्ताराम होता. मीही त्याला तेव्हाच पाहिला. तो समोर बघत ताठ उभा होता.

पहिल्याला पेढा दिला. दुसऱ्याला दिला. तो म्हणाला, "आजी, आशीर्वाद द्या." त्यांनी त्याच्या गालावर हात फिरवला. तिसऱ्याला दिला. मग त्या दत्तारामपुढे आल्या.

तिथे त्या थांबल्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटतं, त्या दुपारनंतर पहिल्यांदाच बघितलं असेल. ताटातला एक पेढा उचलला. हात थोडा पुढे गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी मागे वळून तो पेढा मावशीच्या तळहातावर ठेवला.

"ह्येला तू दे," त्या म्हणाल्या.

दत्तारामच्या दोन्ही हातांत आडवी लाठी होती. मावशीनं तो पेढा त्याच्या तोंडात घातला. त्याला गिळता येईना, डोळे भरून आले होते, पण रांगेत उभा होता, पुसणार कसा? मावशीनं पदराचं टोक घेतलं आणि सगळ्या गल्लीदेखत त्याचं तोंड पुसलं. भागीरथीबाई तोवर ताट घेऊन पुढच्या शिपायाकडे गेल्या होत्या.